विश्लेषण : दिव्यांगांच्या तक्रारी नोंदल्या जातात, पण एकत्र का येत नाहीत?

सरकारी कार्यालयात उतार नाही, परीक्षेत लेखनिक नाकारला, बँकेचे अ‍ॅप दृष्टिहीनांना वापरता येत नाही, नोकरीत बढती डावलली. अशा तक्रारी दिव्यांग नागरिक रोज करतात. तक्रार कुठल्या तरी दप्तरी नोंदली जाते आणि कधी तरी निकालीही निघते. मात्र तीच अडचण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येते. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. त्यांच्या हक्कांसाठी कायदा आहे, आयुक्त आहेत, तक्रारीची सोयही आहे. उणीव आहे ती या तक्रारींच्या नोंदी एकमेकींशी जोडण्याची.

तक्रार नेमकी कुठे करता येते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. या कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. नोकरीत भेदभाव झाल्यास कर्मचाऱ्याने या अधिकाऱ्याकडे जायचे. तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत व्हायला हवी. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. त्यावर राज्यात राज्य आयुक्त आणि केंद्रात मुख्य आयुक्त आहेत. छळ, शोषण किंवा हिंसाचार झाला तर कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आणि अर्थातच पोलिसांकडे जाता येते. याशिवाय राज्याचे ‘आपले सरकार’ आणि केंद्राचे सार्वजनिक तक्रार निवारण पोर्टल आहे, मानवी हक्क आयोग आहेत, रेल्वे आणि बँकांच्या स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहेत. दारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दाराआडची वही वेगळी आहे.

नोंदवहीत काय लिहितात, काय राहून जाते?

२०१७च्या केंद्रीय नियमांतील नियम १० मध्ये तक्रार नोंदवहीचे रकाने ठरवून दिले आहेत. तक्रारीची तारीख, तक्रारदाराचे नाव, चौकशी करणाऱ्याचे नाव, घटनेचे ठिकाण, कुणाविरुद्ध तक्रार, तक्रारीचा गोषवारा, पुरावा, निकालाची तारीख, जिल्हा समितीकडील अपिलाचा तपशील आणि ‘इतर माहिती’. यादी वरवर पुरेशी वाटते. मात्र तिच्यात दिव्यांगत्वाच्या प्रकारासाठी रकाना नाही. स्त्री-पुरुष, वय यांसाठी नाही. कायद्यातील कोणत्या हक्काचा भंग झाला, तेही वेगळे नोंदवायचे नाही.

परिणाम साधा आहे. वर्षाअखेरीस ‘४० तक्रारी आल्या, ३८ निकाली काढल्या’ असे एखादे कार्यालय सांगू शकते. पण त्या ४०पैकी कर्णबधिरांच्या किती, महिलांच्या किती, बदलीच्या किती आणि सुगम्यतेच्या किती, हे त्याला सगळे गोषवारे पुन्हा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय कलम २३ची ही नोंदवही मुळात नोकरीतील भेदभावासाठी आहे. त्याच कार्यालयात कामासाठी आलेल्या दिव्यांग नागरिकाचा अर्ज आवक-जावक विभागातून भलत्याच फायलीत जातो.

एकच अडचण पाच ठिकाणी कशी विखुरते?

समजा, एका तालुक्याच्या ठिकाणी दाखले देणारा कक्ष पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. व्हीलचेअर वापरणारा एक जण तहसीलदारांना अर्ज देतो. दुसरी व्यक्ती ‘आपले सरकार’वर तक्रार करते. तिसरी जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. चौथी राज्य आयुक्तांना पत्र लिहिते. पाचवी खिडकीपाशी तोंडी सांगते आणि घरी परतते. पहिल्या चौघांना चार वेगवेगळे क्रमांक मिळतात, पाचवीची नोंदच होत नाही.

यातल्या एका तक्रारीवर ‘कर्मचाऱ्याला खाली पाठवून अर्जदारास दाखला दिला’ असा शेरा पडतो. तक्रार निकाली निघते आणि लिफ्ट मात्र होत नाही. प्रत्येक कार्यालयाला ही एकट्यादुकट्याची अडचण वाटते, कारण बाकीच्या तक्रारी त्याला दिसतच नाहीत. पाचही नोंदी एका तक्त्यात आल्या असत्या, तर प्रश्न एका अर्जदाराचा नसून इमारतीचा आहे हे पहिल्याच महिन्यात कळले असते. व्यक्तीची सोय करणे आणि कारण दूर करणे, यांतला फरक एकत्रित नोंदीतूनच दिसतो.

आयुक्तांना या नोंदी का हव्यात?

राज्य आयुक्तांना साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसारखे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. पण चौकशीनंतर ते करतात ती शिफारस. कलम ८१ नुसार संबंधित यंत्रणेने शिफारशीवर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर कारणेही तीन महिन्यांतच आयुक्तांना आणि तक्रारदाराला द्यावी लागतात. म्हणजे आयुक्तांचा खरा धाक आहे तो नोंदीचा. कोणत्या खात्याने किती शिफारशी मानल्या, किती नाकारल्या आणि किती वेळा उत्तरच दिले नाही, हे लोकांसमोर आले तरच शिफारशीला वजन येते.

त्याची वाटही कायद्यातच आहे. कलम ८३ प्रमाणे राज्य आयुक्तांनी वार्षिक अहवाल द्यायचा आणि सरकारने तो केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळात मांडायचा. दुसरी महत्त्वाची तरतूद म्हणजे आयुक्त एखाद्या हक्कभंगाची स्वतःहून दखल घेऊ शकतात. पण स्वतःहून दखल घ्यायची तर कुठे काय चालले आहे हे आधी दिसायला हवे. जिल्हा समित्या आणि कार्यालयांच्या नोंदवह्या जागच्या जागी राहिल्या, तर हा अधिकार बराचसा बातम्यांच्या कात्रणांवर अवलंबून राहतो.

न्यायालयांनी याबाबत काय म्हटले आहे?

एका दृष्टिहीन तरुणीवरील बलात्काराच्या प्रकरणात २७ एप्रिल २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने थेट आकडेवारीचा मुद्दा काढला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने लिंगाधारित हिंसाचाराची वर्गवारीसह आकडेवारी ठेवण्याचा गांभीर्याने विचार करावा आणि त्यात दिव्यांगत्व हा एक निकष असावा, असे न्यायालयाने सुचवले. या विभागाच्या वार्षिक अहवालात महिला, मुले, ज्येष्ठ नागरिक, अनुसूचित जाती आणि जमातींविरुद्धच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र प्रकरणे असतात. दिव्यांगांवर तसे प्रकरण नाही. म्हणजे गुन्हा नोंदला जातो, पण पीडित व्यक्ती दिव्यांग होती ही बाब राष्ट्रीय आकड्यांत उतरत नाही.

विखुरलेल्या तक्रारींची किंमत किती मोठी असते, हे राजीव रतुरी प्रकरणातून दिसते. सार्वजनिक ठिकाणे दृष्टिहीनांना वापरता यावीत यासाठीची ही याचिका २००५ मधील. सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसार’ विधि विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राकडून देशातील स्थितीचा अहवाल मागवला. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेबाबतचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, किमान मानके सक्तीची करण्याचा आदेश दिला. लोकांचे अनुभव एकत्र मांडले गेले, तेव्हा दोष एखाद्या इमारतीत नसून नियमातच असल्याचे स्पष्ट झाले. मात्र त्यासाठी १९ वर्षे जावी लागली.

समान नोंद कशी असावी?

त्यासाठी आणखी एक पोर्टल उघडण्याची गरज नाही. आहेत त्या सर्व यंत्रणांनी मोजकेच रकाने सारखे ठेवले तरी बरेच साधेल. दिव्यांगत्वाचा प्रकार, भंग झालेला हक्क, ठिकाण, आस्थापना, तक्रार व निकालाची तारीख आणि निकालाचे स्वरूप. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘निकाली’ या एका शब्दाऐवजी ‘कारण दूर झाले’, ‘केवळ तक्रारदाराची सोय झाली’, ‘शिफारस नाकारली’, ‘उत्तर नाही’ असे पर्याय हवेत. दर तीन महिन्यांनी या नोंदी जिल्हा समितीकडे आणि तिथून राज्य आयुक्तांकडे जाव्यात.

वैश्विक ओळखपत्राचा म्हणजे यूडीआयडीचा क्रमांक नोंदी जोडायला उपयोगी पडेल, पण तो सक्तीचा नसावा. प्रमाणपत्रच मिळत नाही, टक्केवारी चुकीची लावली, शिबिरातून परत पाठवले, या तक्रारी करणाऱ्यांकडे तो क्रमांक नसतो. सक्ती केली तर नेमके तेच मोजणीतून गळतील.

गोपनीयतेचे काय?

मनोसामाजिक आजार, एचआयव्हीशी निगडित त्रास किंवा लैंगिक अत्याचार यांची माहिती चार कार्यालयांत फिरली, तर तक्रारदारालाच त्रास होईल. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या अनुच्छेद ३१ मध्ये दोन्ही बाजू आहेत. दिव्यांगांबाबतची आकडेवारी वर्गवारीसह गोळा करायची, आणि ती करताना खासगीपण जपायचे. त्यामुळे नाव, पत्ता आणि वैद्यकीय कागद मूळ कार्यालयातच राहावेत, पुढे केवळ नाव नसलेली नोंद जावी. लहान गावात ‘एक कर्णबधिर महिला’ एवढ्यानेही ओळख पटू शकते. म्हणून जाहीर होणारे आकडे गाव पातळीवर न देता तालुका किंवा जिल्हा पातळीवर द्यावेत.

आकडे वाचताना काय लक्षात ठेवावे?

जास्त तक्रारी म्हणजे वाईट कारभार, असा सरळ अर्थ काढता येत नाही. जिथे तक्रार करणे सोपे, तिथे आकडा वाढतो. शून्य तक्रारींचा जिल्हा कदाचित असा असेल, जिथे कर्णबधिरांची खूण भाषा समजणारे कुणी नाही, अर्ज वाचकप्रणालीवर उघडत नाही किंवा बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या वतीने कुणी बोलायला नाही. अधिकाऱ्यांचे मूल्यमापन तक्रारींच्या संख्येवर केले, तर तक्रार नोंदवून न घेण्याकडेच कल वाढेल. मोजायचे ते हे की, तीच तक्रार त्याच ठिकाणाहून पुन्हा आली का.

तक्रारदाराने काय करावे?

तोंडी तक्रारीवर थांबू नये. लेखी द्यावी, नोंदणी क्रमांक आणि पोच घ्यावी. रकान्यात नसले तरी दिव्यांगत्वाचा प्रकार, नेमके ठिकाण, तारीख आणि कायद्यातील कलम अर्जातच लिहावे. छायाचित्र जोडावे. व्यक्तिगत सोय झाली, पण कारण तसेच राहिले, तर ‘तक्रार अंशतः निकाली’ असे लेखी कळवावे. आपल्या भागातील संस्थांना माहिती अधिकारात नोंदवहीतील नावे वगळून तक्रारींची संख्या, स्वरूप आणि निकाल मागता येईल. तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे का, हा त्यातला पहिला प्रश्न असावा. कारण तो अधिकारीच नसेल तर नोंदवही नाही, आणि नोंदवही नसेल तर त्या कार्यालयाच्या लेखी तिथे कुणाचा हक्क कधी डावललाच गेलेला नाही.