वहिवाट: कायद्याचं मूळ गाव

कोकणातल्या आंजर्ल्याच्या वाड्यांतून चालताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एका माणसापुरती पाखाडी लागते. वाद नसतो तोवर ती कुणाची, हे कुणी विचारत नाही. वाद पेटला की पहिला शब्द निघतो, ‘वहिवाट’. "आज्यापासून आम्ही इथूनच जातो." कोर्टातही हे बोलणं वाया जात नाही. 1882 चा सुविधाधिकार कायदा 20 वर्षं उघड, निर्वेध आणि हक्काने चाललेली वाट मान्य करतो. रूढीने आलेला हक्कही त्याला चालतो.

इंग्रजांचा कॉमन लॉ असाच रूढीतून वाढला. 12व्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीचे न्यायाधीश मुलुखभर फिरून खटले चालवत. ठिकठिकाणच्या रूढी चाळूनगाळून सगळ्या राज्याला सामाईक असा कायदा त्यांच्या निकालांतून घडला. पुढे निकालाला निकालाचा आधार मिळत गेला. जिथे हा कायदा आडमुठा ठरे, तिथे चॅन्सलरचं न्यायालय ‘इक्विटी’ने, म्हणजे समन्यायाने, वाट काढी.

इंग्रजांनी इथेही रूढीला जागा ठेवली. मुंबई इलाख्यात 1827 च्या नियमावलीने न्यायाधीशाला क्रम घालून दिला: आधी सरकारी कायदे, ते नसतील तर मुलखातली रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. 1868 मध्ये प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मदुरेच्या खटल्यात म्हटलं की हिंदू कायद्यात स्पष्ट शाबीत झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा भारी.

पण ग्रंथ तरी साहेबाला वाचून कोण दाखवणार? ते काम आमच्याच भागातल्यांनी केलं. आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे हर्णै आणि त्याच्या पुढे मुरुड. तिथले विश्वनाथ नारायण मंडलिक मुंबई हायकोर्टात नामांकित वकील झाले. 1880 मध्ये त्यांनी ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रग्रंथ आणि याज्ञवल्क्यस्मृती इंग्रजीत आणली. दापोलीत शिकलेले पां. वा. काणे हेही हायकोर्टातले वकील. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि 1963 मध्ये ते भारतरत्न झाले.

मात्र जुनी म्हणून रूढी न्याय्य ठरत नाही. कोकणातली खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, जुनीच होती. 1880 च्या कायद्याने तिला चौकट घातली, पण कुळाच्या मानेवरचं जोखड काही उतरलं नाही. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. रूढीतून कायदा निघतो, तसा रूढीला मोडणाराही कायदाच लागतो. आता राज्यघटनेचं 13वं कलम रूढीला कायद्यात धरतं आणि मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी रद्दबातल ठरवतं.

राहिला प्रश्न रूढी शाबीत करण्याचा. पुराव्याच्या कायद्यात एक तरतूद गावकऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सार्वजनिक हक्काबद्दल किंवा गावच्या रूढीबद्दल जाणत्या माणसाने सांगून ठेवलेलं त्याच्या मृत्यूनंतरही पुराव्यात येतं. अट एवढीच की ते वाद उपटण्यापूर्वीचं असावं. तेव्हा पाखाडीवर कुंपण पडायची वाट पाहू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.