राणीच्या तसबिरीतले फुलपाखरू

राज्यकर्त्या स्त्रियांच्या आजच्या आर्ट प्रिंटमध्ये तलवार आणि सिंहासनाच्या जोडीला फुलपाखरूही दिसते. कोष फोडून बाहेर येणारा जीव म्हणजे स्त्रीची मुक्तता, हा अर्थ जगभरच्या सजावटीच्या कलेत रुळला आहे. अर्थ सोपा, म्हणून चित्रही चटकन खपते. अडचण एवढीच, की पंखांच्या त्याच महिरपीत कोणतीही राणी बसवता येते. खालचे नाव बदलले तरी चित्राचे काही बिघडत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याकडे अशा दोन राज्यकर्त्या आहेत आणि दोघींच्या प्रतिमा केव्हाच ठरून गेल्या आहेत. 1595-96 मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेपासून नगरचा किल्ला वाचवणारी चांदबिबी दख्खनी लघुचित्रांत घोड्यावर, हातावर बहिरी ससाणा घेऊन शिकारीला निघालेली दिसते. 1600 मध्ये तिचा खून झाला. शिकारीची ही चित्रे मात्र 1700 च्या सुमाराची आणि त्यानंतरची आहेत, म्हणजे चित्रकारांनी तिला पाहिलेलेच नव्हते. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरील अष्टकोनी ‘चांदबिबी महाल’ही तिचा नाही, ती निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी नाव मात्र राणीचे दिले.

अहिल्याबाई होळकरांचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पांढरी साडी, डोक्यावरून पदर आणि तळहातावर शिवलिंग, हे त्यांचे रूप घरोघरच्या तसबिरींनी पक्के केले. 1996 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. त्रिशताब्दीनिमित्त 2025 मध्ये आणखी एक तिकीट आणि 300 रुपयांचे स्मारक नाणे आले. या प्रतिमेत फुलपाखराला जागा करून द्यायची, तर त्याला काही कारण हवे.

तशी कारणे जुन्या कलेत सापडतात. दारा शुकोहने पत्नी नादिरा बानूला दिलेल्या सतराव्या शतकातल्या चित्रसंग्रहात फुलांभोवती फुलपाखरे आणि किडे बारकाईने रंगवलेले आहेत. नूरजहानच्या कबरीशी जोडल्या जाणाऱ्या फारसी ओळींत पतंगाच्या पंखाचा उल्लेख येतो. तिथे पतंग म्हणजे दिव्यावर जळणारा प्रेमी, मुक्तता नव्हे. चीनमध्ये फुलपाखरू दीर्घायुष्याचे चिन्ह, म्हणून सम्राज्ञी त्सिशीच्या भरजरी वस्त्रांवर ते विणलेले दिसते.

महाराष्ट्रात चित्रकाराचा हात पहिल्यांदा राणी पाकोळीकडे, म्हणजे ब्लू मॉर्मनकडे जातो; 2015 मध्ये ते राज्य फुलपाखरू झाले. पण ते मुख्यतः सह्याद्रीच्या ओलसर झाडीतले. पाथर्डीच्या पर्जन्यछायेतल्या माळावर शोभेल ते रुईवर अंडी घालणारे नारिंगी फुलपाखरू. त्याची अळी रुईची विषारी पाने खाते आणि ते विष अंगात मुरल्याने पक्षी फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. दुसऱ्या एका जातीची, छोट्या चांदव्याची, मादी हुबेहूब हेच रूप घेऊन जीव वाचवते. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. रुईची फुले महादेवाला वाहतात. तेव्हा हातात शिवलिंग असलेल्या अहिल्याबाईंच्या चित्रात रुई आणि तिच्यावरचे फुलपाखरू आपोआप बसते. शत्रूला दूर ठेवणारे रूप म्हणून ते चांदबिबीलाही शोभेल.

छपाईलाही हे फुलपाखरू सोयीचे आहे. लिनोकटमध्ये त्याला दोनच ठोकळे पुरतात, एक नारिंगी आणि एक काळा. पंखाच्या काळ्या टोकावरचे पांढरे ठिपके दोन्ही ठोकळ्यांत कोरून काढले की तिथे कोरा कागद राहतो. एका पंखाचा नमुना ट्रेसिंग पेपरवर उतरवून उलटा ठेवला की दुसरा पंख तयार. मात्र दुसरा ठोकळा किंचित सरकला तरी ठिपक्यांच्या कडेला नारिंगी रेघ डोकावते आणि ती प्रत बाद करावी लागते. चांगल्या प्रतींवर चित्रकार खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही करतो. 7/50 म्हणजे पन्नासांतली सातवी प्रत. संगणकावरून इंकजेटने काढलेल्या प्रिंटवरही असे आकडे घालतात, पण तिथे आकडा हा विक्रेत्याने स्वतःवर घातलेला निर्बंध असतो.

प्रिंट विकत घेताना म्हणून आधी आकडा नव्हे, फुलपाखरू पाहावे. त्याची जात ओळखता येत नसेल, तर ते केवळ शोभेसाठी चिकटवलेले असण्याचीच शक्यता जास्त.