पृथ्वीला आवरायला किती गाठी लागतील?

कापसाची एक गाठ म्हणजे १७० किलो, हे केळापूर तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाही. शेतातला कापूस पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये जातो, सरकी निघते, रुई दाबून गाठ बांधली जाते आणि ट्रक सूतगिरणीच्या वाटेला लागतो. पुढे त्या रुईचे काय होते, तो हिशेब मात्र थक्क करणारा आहे.

ओपन-एंड पद्धतीच्या गिरणीत सूत काततो तो रोटर. वाटीसारखा लहानसा, सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचा. आधुनिक यंत्रात तो मिनिटाला १ लाख फेरे सहज घेतो. म्हणजे त्याचा काठ ताशी ५६५ किलोमीटर वेगाने धावतो. त्या काठावरच्या धातूच्या फक्त एका ग्रॅमला वर्तुळात धरून ठेवायला किती ओढ लागते? गुणाकार केला तर उत्तर येते १६८ किलो वजनाइतकी. एका ग्रॅमसाठी जवळजवळ एक अख्खी गाठ!

जिनिंगमधला चामड्याचा रोलर मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे घेतो. तिथून रोटरपर्यंत वेग हजार पट झाला. फेरे मोजून आपण तोंडात बोट घालतो, पण फिरण्याच्या गणितातली खरी गंमत आकड्याच्या मोठेपणात नाही. थांबलेली वस्तू फिरवायला, किंवा फिरणारी थांबवायला, किती सायास पडतात त्यात ती आहे. या सायासाचे माप म्हणजे टॉर्क. जोर गुणिले मध्यापासूनचे अंतर.

जाते घ्या. वरचा दगड २० किलोचा, त्रिज्या २० सेंटीमीटर, खुंटा मध्यापासून १८ सेंटीमीटरवर. दोन किलो वजनाइतका जोर लावला तर टॉर्क होतो सुमारे साडेतीन न्यूटन-मीटर. घासणे आणि दळणे यांत काही खर्ची पडला, उरला २ न्यूटन-मीटर असे धरू. दगडाचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा त्याचा विरोध, ०.४ किलोग्रॅम-मीटर वर्ग. टॉर्कला त्याने भागले की कोनीय त्वरण मिळते आणि जाते सव्वा सेकंदात सेकंदाला एक फेरा या वेगाला येते. आता जाडी तीच ठेवून दगडाची रुंदी दुप्पट करा. वजन चौपट होईल, जडत्व आघूर्ण मात्र सोळापट. तेवढाच टॉर्क उरला तर सव्वा सेकंदाचे काम वीस सेकंदांवर जाईल. वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचे, कारण अंतराचा वर्ग होतो. रोटरचे फेरे वाढत गेले तसा त्याचा व्यास लहान करत न्यावा लागला, त्यामागेही हाच वर्ग आहे.

शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत. पूर्ण भारावर अशा एका संचाचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो आणि सुमारे १६ लाख न्यूटन-मीटर टॉर्क पेलतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ९५० गाठी टांगल्या तर जेवढा पीळ पडेल तेवढा. असा संच बंद केला तरी त्याचा तापलेला दांडा तसाच स्थिर सोडत नाहीत. थंड होईपर्यंत वेगळ्या यंत्रणेने तो हळूहळू फिरवत राहतात, नाहीतर तो वाकतो. मला तर ही काळजी त्या टॉर्कइतकीच भव्य वाटते.

आता पायाखालची जमीन. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, फिरणारी पृथ्वी तो फुगवटा थोडा पुढे ओढून नेते आणि चंद्र त्याला मागे खेचतो. या खेचण्याचा टॉर्क चारावर सोळा शून्ये इतके न्यूटन-मीटर आहे. आपल्या एक मीटरच्या दांड्यावर सुमारे २५ लाख कोटी गाठी टांगाव्या लागतील. देशात वर्षाला तीनेक कोटी गाठी कापूस होतो असे धरले तर हे आठ लाख वर्षांचे पीक झाले. एवढ्याने काय होते? दिवस शंभर वर्षांत जेमतेम दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीचे जडत्व आघूर्ण आठावर सदतीस शून्ये इतके प्रचंड आहे, म्हणून तिचा वेग उतरताना आपल्याला जाणवत नाही. तरी काळ पुरेसा मिळाला की फरक दिसतोच. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या रेषा १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी मोजल्या, तेव्हा त्या काळच्या वर्षात सुमारे ४०० दिवस होते असे निघाले.

याहून मोठा धक्का आकाशात आहे, आणि त्यात आपल्या मातीतला माणूस आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८२ मध्ये बर्कलीला विद्यार्थी असताना, डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांबरोबर अरेसिबोच्या दुर्बिणीने एका पल्सरच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या अतिघन ताऱ्याच्या, शोधात सहभागी होते. हा तारा सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरतो. अशा ताऱ्याची त्रिज्या साधारण १० किलोमीटर असते, म्हणजे आकार एखाद्या शहराएवढा, आणि वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पावणेपाच लाख पट. जोडीदार ताऱ्याकडून वाहून येणाऱ्या वायूच्या टॉर्कने असे तारे एवढ्या वेगाला चढतात, असे मानले जाते.

तर याचे जडत्व आघूर्ण किती असावे? वस्तुमान पावणेपाच लाख पट, पण त्रिज्या पृथ्वीच्या ६३७ पट लहान आणि तिचा वर्ग चार लाखांच्या घरात. दोन्ही आकडे एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. पृथ्वी आणि हा राक्षसी तारा, फिरवायला दोघेही सारखेच जड!

हा पल्सरही मंदावतो आहे. त्याला मागे ओढणारा टॉर्क चंद्र आपल्याला लावतो त्याच्या सुमारे साठ कोटी पट आहे. तरीही एका फेऱ्याचा वेळ एका मायक्रोसेकंदाने वाढायला त्याला तीन लाख वर्षे लागतील. मंदावण्याचा आजचा दर कायम राहिला तर थांबायला ४७ कोटी वर्षे. तोच टॉर्क पृथ्वीला लावला, तर ती आठ वर्षांच्या आत फिरायची थांबेल.