व्हायरस ‘उडी’ मारतो म्हणजे नेमकं काय होतं?

फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 निघाला. इकडे बदलापुरात, हेंद्रेपाड्यातही एकच चर्चा: चिकन खायचं का? नीट शिजवलेलं असेल तर खुशाल खा. पण तुम्हाला संशोधनात यायचं असेल, तर खरा प्रश्न वेगळा आहे. कोंबडीचा व्हायरस माणसात येतो कसा?

तीन पायऱ्या वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, शिरकाव. या व्हायरसचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतं. पक्ष्यांमध्ये या आम्लाची जोडणी अल्फा-2,3 प्रकारची असते, आपल्या नाका-घशात मुख्यतः अल्फा-2,6. त्यामुळे व्हायरस सहसा तिथे अडतो. फुप्फुसात खोलवर मात्र आपल्याकडेही अल्फा-2,3 असते. म्हणून लागण क्वचित होते, पण झाली तर गंभीर होऊ शकते.

दुसरी, वाढ. आत शिरल्यावर व्हायरसच्या पॉलिमरेजला माणसाच्या पेशीत काम करता आलं पाहिजे. पीबी2 प्रथिनात 627 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, तर हे काम सोपं होतं.

तिसरी, प्रसार. 2021 मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा एच5एन1 ने मृत्यू झाला. भारतात माणसाला लागण झाल्याची ती पहिली नोंद. पण त्याच्या संपर्कातलं कुणीही आजारी पडलं नाही. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या पार झाल्या, तिसरी नाही.

आता एक नेहमीचा गैरसमज. ‘व्हायरस माणसात येण्यासाठी स्वतःला बदलतो’ असं आपण सर्रास लिहितो. व्हायरसला हेतू नसतो. आरएनएची नक्कल करताना चुका होतात आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोय फ्लूच्या व्हायरसकडे नाही. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी नव्या यजमानात उपयोगी पडली, तर तीच टिकते. शिवाय एकाच पेशीत दोन प्रकारचे फ्लू शिरले, तर त्यांच्या जनुकसंचाचे आठ तुकडे आपसात मिसळू शकतात.

म्हणजे प्रत्येक नवी लागण हे लॉटरीचं आणखी एक तिकीट आहे. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला, भारतातल्या पहिल्या बर्ड फ्लूच्या वेळी, लाखो कोंबड्या मारल्या त्या तिकिटं कमी करण्यासाठीच.

तेव्हा ‘नवा व्हायरस माणसात सापडला’ असा पेपर हातात आला, की आधी विचारा: पुरावा कितव्या पायरीचा आहे?