ठराव झाला, पुढें काय?

दरवर्षीं १० डिसेंबरचा दिवस उजाडला म्हणजे शहरोशहरीं मानवी हक्कांविषयीं सभा भरतात, व्याख्यानें होतात, ठराव एकमतानें संमत होतात आणि आभारप्रदर्शन उरकून मंडळी घरोघर जातात. १९४८ सालीं याच दिवशीं पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. तेव्हां त्या दिवसाचें स्मरण ठेवणें योग्यच आहे. चर्चेनें कांहींच साधत नाहीं असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत केवळ पुरुषांचा बोध व्हावा असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधि हंसाबेन मेहता यांनीं त्यास हरकत घेतली आणि त्या जागीं सर्व मानवांचा निर्देश झाला. शब्दांस किंमत आहे, हें यावरून उघड होतें. परंतु ठरावाची खरी किंमत सभा उठल्यानंतर ठरते. हा धडा महाराष्ट्रास महाडच्या तळ्याच्या कांठीं मिळालेला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळानें सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग त्या काळीं अस्पृश्य गणलेल्या लोकांस करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढें १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंही चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता आणि तळ्यांत पाणीही होतें; ज्यांच्यासाठीं हें सारें झालें त्यांची ओंजळ मात्र कोरडीच होती.

मार्च १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषद संपत आली असतां अनंतराव चित्रे यांनीं सूचना मांडली कीं, तळ्यावर गेल्यावांचून ही परिषद विसर्जित होऊं नये. २० मार्च रोजीं सारा जनसमुदाय तळ्यावर गेला. बाबासाहेब पाणी प्याले, त्यामागून इतर प्याले. कागदावरचा ठराव त्या दिवशीं प्रथम खरा ठरला. त्याचें मोलही तत्काळ द्यावें लागलें. घरीं परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली, नगरपालिकेनें त्याच वर्षीं आपला ठराव मागें घेतला आणि प्रकरण दिवाणी न्यायालयांत गेलें. बहिष्काराची रूढि अनादि असल्याचें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, असा निकाल मुंबईच्या हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला. बोले यांच्या ठरावापासून मोजलें तर जवळजवळ १४ वर्षें एका ओंजळीसाठीं लागलीं! आज राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा मुद्दाम नांवानिशीं उल्लेख आहे. त्याचें मर्म महाडच्या इतिहासावांचून कोणास कसें कळावें?

सभा कशी असावी याचा दुसरा नमुना राजस्थानांतील पाली जिल्ह्यांत दिसून आला. डिसेंबर १९९४ मध्यें कोट किराना या गांवीं मजदूर किसान शक्ति संघटनेनें जनसुनवाई भरविली. तेथें विद्वानांचीं व्याख्यानें झालीं नाहींत. सरकारी कामांचीं हजेरीपत्रकें व पावत्या गांवकऱ्यांसमोर मोठ्यानें वाचल्या गेल्या. अमक्यास इतकी मजुरी दिली असें कागद म्हणे, आणि तो अमका उभा राहून आपणांस ती मिळाली नाहीं असें सांगे. ज्याचें गाऱ्हाणें तोच वक्ता आणि ज्याचा हिशेब तोच पुरावा, अशी ही सभा होती. अशाच सभांतून माहितीच्या हक्काची मागणी बळावली. महाराष्ट्रानें त्याविषयींचा आपला कायदा २००२ सालीं केला व २००५ सालीं तो हक्क देशभर कायद्यानें मान्य झाला.

आतां आजच्या एका प्रश्नाकडे वळूं. माणसाकडून मैला साफ करविण्यास १९९३ च्या कायद्यानें बंदी घातली. २०१३ च्या कायद्यानें भुयारी गटारांची धोक्याची सफाईही, संरक्षक साधनांवांचून, निषिद्ध ठरविली. २७ मार्च २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गटारांत मरण पावलेल्यांच्या वारसांस १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती रक्कम ३० लाख केली. कायदे आहेत, निकाल आहेत. तरी गटारांत उतरलेली माणसें विषारी वायूनें गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. आणि हें काम कोणत्या जातींच्या वांट्यास येतें, हें वाचकांस सांगण्याची आवश्यकता आहे काय? महाडास तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची बंदी होती. येथें गटारांत उतरण्याची सक्ति आहे. दोहोंच्या मुळाशीं विषमता एकच.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. येत्या १० डिसेंबरास जे सभा भरविणार असतील, त्यांनीं ऑक्टोबरअखेर आपल्या नगरपालिकेकडे माहितीचा अर्ज करावा. गटारें साफ करण्यासाठीं यंत्रें किती घेतलीं व त्यांपैकीं चालू किती, कंत्राटदाराच्या कामगारांस संरक्षक साधनें दिलीं काय, गटारांत किती मृत्यु झाले आणि किती वारसांच्या हातीं पूर्ण रक्कम पडली, हे प्रश्न त्यांत विचारावे. उत्तराची कायदेशीर मुदत ३० दिवसांची आहे. आलेलें उत्तर सभेंत वाचावें. उत्तर न आल्यास तेंही सांगावें. व्यासपीठावर पहिलें आसन सफाई कामगारास द्यावें आणि गेल्या वर्षीं काय ठरलें व तें कोणीं केलें, याचा जाब नवा ठराव मांडण्यापूर्वीं घ्यावा.

यानें सभेंत कटुता येईल, अशी भीति कित्येक सज्जन व्यक्त करतील. परंतु हिशेब मागितल्यानें येणारी कटुता ही त्या विधवेच्या दुःखाहून मोठी नाहीं, जिचा पति गटारांतून जिवंत वर आला नाहीं व जी नुकसानभरपाईसाठीं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहे. शांतता सर्वांस प्रिय आहे. पण एकानें गप्प बसावें म्हणून टिकणाऱ्या शांततेस न्याय म्हणतां येत नाहीं. महाडास परिषद तळ्यापर्यंत चालत गेली. आजच्या सभांनीं निदान नगरपालिकेच्या दारापर्यंत तरी जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.