यंत्राच्या खोळंब्याचा हिशेब

पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा एनएम-१ नावाचं डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॅट वीज पेलण्याच्या तयारीने बांधलेली ही एकच इमारत. अशा इमारतीत बाहेरून काय चाललंय याचा पत्ता लागत नाही हे समजू शकतं, पण आत जाऊन रॅकसमोर उभं राहिलं तरी लागत नाही. दिवे लुकलुकतात, पंखे घोंघावतात, इतकंच. अमुक सर्व्हर जोमाने काम करतोय की कशाची तरी वाट बघत अडकून पडलाय, हे यंत्रालाच विचारावं लागतं. आणि गेल्या काही वर्षांत यंत्र या प्रश्नाचं जे उत्तर द्यायला लागलंय, ते मला संगणकाच्या इतिहासातल्या फार देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

हे उत्तर पाहायला डेटा सेंटर लागत नाही. लिनक्स टाकलेला एखादा जुना लॅपटॉप पुरतो आणि त्यावर एचटॉप नावाचं मोफत साधन. युनिक्सवर १९८४ पासून टॉप नावाचा प्रोग्रॅम होता. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये त्याच धर्तीवर एचटॉप लिहायला घेतला. काळ्या पडद्यावर प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसाठी एक रंगीत पट्टी, खाली चालू असलेल्या प्रोसेसची यादी. दर दीड सेकंदाला सगळं ताजं होतं.

हे आकडे येतात कुठून, तिथेच पहिलं आश्चर्य आहे. लिनक्समध्ये प्रोक नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या फायलींची यादी मागवली तर जवळजवळ प्रत्येकीचा आकार शून्य बाइट दिसतो. पण फाइल उघडा, आत मजकूर असतो. दहा सेकंदांनी पुन्हा उघडा, मजकूर बदललेला असतो. कारण या फायली डिस्कवर नाहीतच. तुम्ही वाचायला मागितलं की त्या क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच्या आतल्या नोंदी बघून मजकूर तयार करतं आणि तुमच्या हातात ठेवतं. एचटॉप हेच करतो, दर दीड सेकंदाला, शेकडो प्रोसेससाठी.

आता त्या पडद्यावरच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत जास्त चुकीच्या वाचल्या जाणाऱ्या आकड्याकडे येऊ: लोड ॲव्हरेज. तीन आकडे असतात, एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. लोक त्यांना सरासरी समजतात. पण कर्नल दर पाच सेकंदांनी रांगेतली कामं मोजतं, एका मिनिटाच्या जुन्या आकड्याला १,८८४ ने गुणून २,०४८ ने भागतं आणि नव्या मोजणीचा वाटा त्यात मिसळतं. कर्नल दशांश अपूर्णांकांच्या भानगडीत पडत नाही, म्हणून हे पूर्णांकांचं गणित. परिणाम असा की जुनं काहीच पूर्ण पुसलं जात नाही, नुसतं फिकट होत जातं. ‘एका मिनिटाच्या’ आकड्यात साधारण ३७ टक्के वाटा त्या मिनिटाआधीच्या काळाचा असतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. १९९३ मध्ये लिनक्समध्ये एक छोटासा बदल झाला आणि प्रोसेसर वापरणाऱ्या किंवा त्यासाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कसाठी अडून बसलेली कामंही लोडमध्ये मोजली जाऊ लागली. हेतू रास्त होता: डिस्क मंद असेल तर यंत्र तुंबलेलंच असतं, मग आकड्यात ते दिसायला नको का? पण तेव्हापासून लोड ८ दिसला की प्रश्न पडतो, आठ कामं प्रोसेसर मागताहेत की डिस्क? प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि लोड मात्र गगनाला भिडलेला, हे दृश्य प्रत्येक सिस्टिम ॲडमिनने पाहिलेलं असतं. हा बदल नेमका का झाला याचा माग काढायला संगणकांच्या कार्यक्षमतेचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांना २०१७ मध्ये जुन्या मेलिंग लिस्टच्या संग्रहात शिरावं लागलं.

मुळातली अडचण मोजण्याच्या प्रकारात आहे. कळंबोली सर्कलवर किती गाड्या उभ्या आहेत हे कोणी मोजून सांगितलं, तरी पुण्याला निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? दोनशे गाड्या असूनही सिग्नल भराभर सुटत असेल तर काही बिघडत नाही. वीसच असल्या आणि पुढे ट्रेलर बंद पडलेला असला तर अर्धा तास गेला. त्याला विचारायचं असतं एवढंच, की माझा वेळ किती फुकट जाणार?

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.२० पासून कर्नल नेमका हा प्रश्न घेऊन बसलं आहे. फेसबुकमध्ये काम करणाऱ्या योहानेस वायनर यांनी प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन, थोडक्यात पीएसआय, नावाची सोय त्यात घातली. प्रोकमध्ये प्रेशर नावाचा एक उपफोल्डर आला आणि त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कची ये-जा अशा तीन गोष्टींसाठी तीन फायली. मेमरीची फाइल उघडली तर दोन ओळी दिसतात. ‘सम’ या पहिल्या ओळीत, निदान एक तरी काम मेमरीअभावी थांबलं होतं असा वेळ किती टक्के होता ते लिहिलेलं असतं. ‘फुल’ या दुसऱ्या ओळीत, करण्यासारखं काम हाती असलेले सगळेच एकाच वेळी हात बांधून बसले होते असा वेळ. दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटं, असे प्रत्येक ओळीत तीन आकडे. पहिल्या ओळीत वीस आणि दुसरीत शून्य असेल तर कोणीतरी रखडतंय, पण गाडा चालू आहे. दुसरी ओळ चढायला लागली की यंत्र खरोखर हँग होण्याच्या वाटेवर आहे. कुठलंही भाषांतर नको, अंदाज नको.

ओळीच्या शेवटी आणखी एक आकडा असतो, टोटल, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. यंत्र सुरू झाल्यापासून अशा खोळंब्यात एकूण किती वेळ गेला, तो मायक्रोसेकंदांत. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. एचटॉपच्या दोन नजरांमध्ये दीड सेकंदाची फट असते आणि तीन गिगाहर्ट्झचा एक कोअर तेवढ्यात साडेचार अब्ज ठोके टाकून मोकळा होतो. त्या फटीत येऊन गेलेला छोटा झटका पडद्यावरच्या पट्ट्यांतून सहज निसटतो. पण टोटलमध्ये तो जमा झालेला असतो, कोणी पाहत असो वा नसो.

एचटॉपमध्ये हे यायला मात्र थांबावं लागलं. कित्येक वर्षं त्याची बरीचशी भिस्त मूळ लेखकावरच होती आणि पुढे काम थंडावलं. २०२० मध्ये स्वयंसेवकांच्या नव्या गटाने ते हाती घेतलं आणि ३.० आवृत्ती काढली. तिच्यात पीएसआयचे मीटर आले. एफ-२ दाबून सेटअपमध्ये जा, मीटरच्या यादीतून ते उचला आणि वरच्या भागात आणून ठेवा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीत टॅब आले. त्यातल्या आय-ओच्या टॅबवर कोणती प्रोसेस डिस्कवर किती वाचते, किती लिहिते, ते स्वतंत्रपणे दिसतं. मीटरने सांगावं डिस्क तुंबली आहे आणि शेजारच्या टॅबने सांगावं कोणामुळे, ही जोडी फार उपयोगी आहे. तुमच्या लिनक्समध्ये प्रेशरचा फोल्डर दिसला नाही तर घाबरू नका, काही वितरणांत ही सोय बंद करून दिलेली असते; यंत्र सुरू होताना कर्नलला psi=1 असा इशारा द्यावा लागतो.

थांबण्याचा वेळ मोजला की काय काय उजेडात येतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण २००८ च्या अखेरीचं आहे. हेच ब्रेंडन ग्रेग तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. डिस्क उत्तर द्यायला किती वेळ लावतात याचा आलेख समोर सुरू ठेवून ते डिस्कच्या रॅकजवळ गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. आलेखावर त्या क्षणी उंच टोकं उमटली. आवाजाच्या कंपनांनी डिस्कवर वाचणारी-लिहिणारी सुई थरथरली होती आणि कामं थांबली होती. नुसता ‘डिस्क किती व्यस्त’ हा आकडा पाहत बसलं असतं, तर हे कारण कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पीएसआय बहुतेकांच्या खिशातही पोचलं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कमी पडली की मागे पडलेली ॲप बंद करणारा एक प्रोग्रॅम असतो आणि अँड्रॉइड १० पासून तो पीएसआयच्या इशाऱ्यावर चालू शकतो. त्याला सारखं डोकावून बघावं लागत नाही. ‘एका सेकंदात अमुक इतक्या मिलिसेकंदांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर मला उठव’ असं तो कर्नलला सांगून ठेवतो आणि निवांत झोपतो.

मोजण्याची तीच जुनी अडचण जीपीयूंवरही येते. पनवेलच्या त्या इमारतीत २०२४ मध्ये एन्व्हिडियाच्या एच-१०० जीपीयूंची खेप आली. अशा एका चिपमध्ये १३२ गणन-विभाग असतात आणि सर्व्हरमध्ये बसवलेली एक चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. तिच्या वापराची टक्केवारी एन्व्हिडियाच्या नेहमीच्या कमांडमध्ये दिसते, पण तो आकडा एवढंच सांगतो की मागच्या क्षणभरात चिपवर काही ना काही चालू होतं का. १३२ पैकी एकच विभाग राबत असला तरी तिथे १०० टक्के दिसू शकतं. म्हणून अशा यंत्रांवर काम करणारे लोक एन्व्हिडियाच्याच डीसीजीएम या दुसऱ्या साधनाकडे वळतात. ते प्रत्यक्षात विभाग किती वेळ जागे होते, त्यांतली गुणाकाराची खास यंत्रणा किती वेळ चालली आणि मेमरीची वाट किती भरलेली होती, हे वेगवेगळं मोजून देतं.