रुमालाखालचा भाव

बैलबाजारात दोघंजण हातात हात घालून, वर रुमाल टाकून गप्प उभे दिसले की समजावं, सौदा चाललाय. एक बोट दाबलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. पण एक म्हणजे हजार की दहा हजार, ते जनावर बघून दोघांना आधीच उमगलेलं असतं. बघ्यांना काहीच कळत नाही.

खरी मेख इथंच आहे. दलाल घेणाऱ्याची बोटं वेगळी दाबतो, विकणाऱ्याची वेगळी. मधला फरक कुणाच्या खिशात गेला, ते रुमालालाच ठाऊक! धान्य-कापसाच्या अडतीतही पूर्वी हीच 'हत्ता' पद्धत होती. बाजार समित्यांच्या नियमांनी तिथं उघड लिलाव आणला; आपल्या राज्याचा कायदा 1963 चा. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल अजून दिसतो.

मागं एका म्हातारबाबांनी रुमालातून हात काढून घेतला नि म्हणाले, "मोठ्यानं बोल की!" दलाल चिडला, पण आकडा बोलला. तुम्हीही दावं सोडण्याआधी आकडा तोंडानं वदवून घ्या, घेणाऱ्यालाही समक्ष विचारा, आणि पावतीवर तोच आकडा पडला का ते बघा.